दोन्ही काटे एकदम

मोटार जळाली की माणूस पहिलं खोटं बोलतो. "नाना, आत्ताच चालू केली होती, अन् लगेच बंद पडली." मी झाकण काढतो. आतलं तांबं कोळसा झालेलं असतं. आत्ताच चालू केलेल्या मोटारीचं असं होत नाही. आटलेल्या विहिरीत कोरडी फिरत राहिली की होतं. पण मी बोलत नाही. जळालेल्या वार्निशचा वास सगळं सांगतो. यावलकडचा एक बागायतदार तर मोटार गोधडीत गुंडाळून आणायचा आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. उद्या या म्हटलं तरी हलायचा नाही. तिकडे त्याची केळी तहानलेली, तो जाईल कसा?

जळगावात माझं वाइंडिंगचं दुकान होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, मोटारीत फार काही नसतं. लोखंड असतं आणि त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी भरलेली असतात. तारेत करंट आला की लोखंड ओढायला लागतं. बस. जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. माझी शाळा चौथीत सुटली. हे काम धुळ्याला एका उस्तादाच्या शिव्या खात शिकलो आणि त्यानंतर कुणाचं ऐकलं नाही. दिवाळी अंकाच्या लोकांनी सांगितलं, नाना, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण मी लिहिणार आहे ते माझ्या दाजींच्या काट्यांचं. आयुष्यभर तांबं गुंडाळलं, पण तांबं काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. मूळचे दोंडाईच्याकडचे, रेल्वेत लिव्हरमन. त्यांचे वडील लाइनीवर घण मारायचे. दाजी त्या लाइनीच्या वर, दुमजली केबिनमध्ये चढले, याचा त्यांना फार अभिमान होता. खालून कुणी ओळखीचं गेलं तर वरून "जय भीम" घालायचे, आणि खालच्यानं मान वर करून बघितलं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

केबिनमध्ये माणसाच्या छातीएवढे लोखंडी लिव्हर रांगेत उभे. गाडी कुठल्या रुळावरून कुठल्या रुळावर न्यायची ते काट्यावर ठरतं. पुस्तकात त्याला सांधा म्हणतात, आमच्याकडे सगळे काटाच म्हणतात. आता दोन रूळ शेजारी-शेजारी आहेत आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर न्यायची आहे. मध्ये एक तिरपा रूळ टाकलेला असतो. त्याच्या या टोकाला एक काटा, त्या टोकाला दुसरा. दोन्ही एकदम फिरायला पाहिजेत. एक फिरला आणि एक राहिला, तर गाडी तिरपी निघते आणि पुढे तिला रस्ताच नसतो. म्हणून दोन्ही काटे एकाच लिव्हरला, लांबलचक लोखंडी दांड्यांनी बांधलेले. दाजी हातात फडकं धरून, एक पाय रेटून लिव्हर ओढायचे. काट्यात खडी अडकली असेल तर लिव्हर शेवटच्या खाचेत बसायचा नाही. ते दाजींच्या खांद्याला कळायचं. दिसायची गरज नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या यार्डात नवं पॅनल यायचं ठरलं. लिव्हर जाणार, बटणं येणार. टेबलाएवढा एक पत्रा, त्यावर सगळ्या यार्डाचं चित्र, चित्रात दिवे आणि बटणं. जुन्या लिव्हरमननी ट्रेनिंगच्या शाळेत जाऊन पॅनल शिकायचं आणि परीक्षा द्यायची. पास झाला तर पॅनलवर. नापास झाला तर कुठल्या तरी फाटकावर. दाजींसाठी जे फाटक सांगत होते ते सातपुड्याच्या पायथ्याला, आजूबाजूला नुसती तुरीची शेतं. भाची जळगावात कॉलेजला होती. पण खरी गोष्ट वेगळी होती. दाजींना खाली उतरायचं नव्हतं.

एका रविवारी ते माझ्या दुकानात आले, तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा पडलेला बघितला.

"काय दाजी, गाडी लेट का?"

"मस्करी नको कारागीर," ते म्हणाले. "तिथं दोन बटणं एकदम दाबायची. एक त्या काट्याचं, एक सगळ्या काट्यांचं मिळून सामाईक. दाबायची आणि लगेच सोडायची. माझी बोटं सुटत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सुटत नाहीत. लिव्हर अर्ध्यात सोडला तर काटा अर्ध्यात राहतो. पंचवीस वर्षं हात हेच शिकला. बटण दाबलं की मी दाबूनच धरतो. काटा बसला का नाही बसला, हाताला कळतच नाही, तर सोडू कसं? जास्त वेळ धरलं की घंटा ठणाणा वाजते. सगळे हसतात. वरणगावचा एक पोरगा तर म्हणतो, बाबा, बटण आहे, म्हैस नाही."

मी म्हटलं, "घरी यार्ड बनवतो. वाटेल तेवढं दाबा."

म्हटलं आणि अडकलो. जन्मात मी पाणी उपसायच्या मोटारी बांधल्या होत्या, खेळण्यातली गाडी कधी हातात धरली नव्हती. पण तोंडातून गेलेलं मी परत घेत नाही.

रूळ केले मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. त्यांना मधून पन्हळ असते, झाळकामाचा डाग चांगला बसतो. सागाच्या फळीवर दोन सरळ रूळ, मध्ये एक तिरपा. काट्यांची पाती कानशीनं घासून बारीक केली. गाडी म्हणजे एक पत्र्याचा डबा, चाकं आमच्या गल्लीतल्या लेथवाल्यानं काढून दिली. काटा हलवायला एका पितळी नळीवर शेजारी-शेजारी दोन कॉइल गुंडाळल्या, नळीत लोखंडाचा तुकडा मोकळा ठेवला. डाव्या कॉइलला करंट दिला की तुकडा डावीकडे पळतो, उजवीला दिला की उजवीकडे. तुकड्याला तार, तारेला काटा. एका काट्यावर करून बघितलं, टक् करून फिरला. अक्काला दाखवायला घरी बोलावलं.

दुसरा काटा जोडला आणि दोघं भाऊबंदकीवर उतरले. एक फिरे, दुसरा नुसता गुणगुण करी. दोघांना एकापुढे एक जोडलं, तर दोघंही गुणगुण करीत बसले. तारेचे वेढे वाढवले, तार जाड केली, परत बारीक केली. अक्का रोज संध्याकाळी डोकावायची आणि तिच्या अहिराणीत विचारायची, "भाऊ, हाई मशीन शे का मच्छर शे?"

शेवटी मी चिडून मोठा ट्रान्सफॉर्मर आणून लावला. दोन्ही काटे असे फिरले की फळी हादरली. मी दाजींना निरोप पाठवला.

दाजी बाह्या सारून आले. बसायला स्टूल दिलं तर म्हणाले, केबिनमध्ये कोणी बसत नाही. उभं राहून त्यांनी दोन्ही बटणांवर बोटं ठेवली, एक पाय मागे रेटला आणि दाबलं. काटे फिरले. दाजी दाबून उभे. काट्यांकडे बघताहेत आणि दाबताहेत. मी म्हणतोय "सोडा, सोडा," तोवर फळीखालून धूर निघाला.

"माय वं!" अक्का ओरडली. "घर जाळतंस का?"

चारही कॉइल भरून परत कोऱ्या केल्या. दाजींनी दुसऱ्या दिवशी परत जाळल्या. अशा कॉइलमधून करंट नुसता झटक्यापुरता जायला हवा. धरून ठेवला तर ती तापते आणि संपते. हे मी दाजींना सांगितलं, त्यांनी मान हलवली, बटण दाबलं आणि धरून ठेवलं. त्यांच्या मनात नव्हतं, पण हात त्यांचं ऐकत नव्हता.

धुळ्याला युसूफभाई म्हणून माझा जुना दोस्त होता. लग्नाच्या लाऊडस्पीकरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. मी त्याच्याकडे फळी काखेत मारून एसटीनं गेलो. कंडक्टर म्हणाला, हे काय, पाळणा का? युसूफभाईनं फळी उलटी केली, तारा बघितल्या आणि हसायला लागला.

"नाना, तू नळाच्या धारेनं आग विझवायला निघालास."

"मग काय करू?"

"हंडा भरू दे. भरला की एकदम फेक."

त्यानं ॲम्प्लिफायरमधले दोन दंडाएवढे कंडेन्सर काढून दिले. कंडेन्सर मला माहीत नव्हता असं नाही. प्रत्येक पंख्यात असतो, मी हजारदा बदलला. पण मला तो मोटारीला धक्का मारणारा एक डबा, एवढाच ठाऊक. हा डबा करंट साठवतो आणि बटण दाबलं की सगळाच्या सगळा एका क्षणात ओततो, हे मी तोवर मनातच आणलं नव्हतं. मी म्हटलं, मला मोटारवाल्याला लाऊडस्पीकरवाला शिकवणार? तो म्हणाला, शिकू नको, चहा पी. जोडणी त्यानं केली, मी चहा प्यालो आणि बघत होतो. साठा हळूहळू भरावा म्हणून अलीकडे एक अडसर टाकला.

त्यानं मला बटण दाबायला लावलं.

टक्.

दोन आवाज नाहीत, एकच. दोन काटे, चार वेटोळी, आणि एकच आवाज. मी परत दाबलं. टक्. मी फळीकडे बघत राहिलो. त्या डब्यात काही हलत नाही, फिरत नाही, कान लावला तरी आवाज नाही. आणि आत ती ताकद दबा धरून बसलेली. वीज तारेतून वाहते हे मला माहीत होतं. ती थांबून राहू शकते, वाट पाहू शकते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आणि आणखी एक झालं. साठा एकदा ओतला की मग बटण कितीही दाबून धरा, अडसरातून येतो तेवढाच करंट, कॉइल कोमटसुद्धा होत नाही. दाजींच्या बोटांवरही इलाज झाला, असं मला वाटलं.

वर मी माझं डोकं लावलं. प्रत्येक काट्याच्या शेवटच्या जागी पितळेची एक जीभ बसवली. काटा पूर्ण बसला तर जीभ टेकते. दोन्ही काट्यांच्या जिभा एकाच तारेत ओवल्या आणि टोकाला टॉर्चचा बल्ब. दोन्ही काटे बसले तरच दिवा लागणार. मुद्दाम एका काट्यात खडा अडकवला आणि दाबलं. एक काटा गेला, एक अडला, दिवा गप्प. खडा काढला, दाबलं, दिवा लागला.

दाजी त्या बल्बकडे किती तरी वेळ बघत होते. मग खाली वाकून त्यांनी स्वतः खडा घातला, काढला, परत घातला. म्हणाले, "खांद्याला कळायचं ते याला कळतंय." मग त्यांनी पत्र्याची गाडी बोटानं लोटली. ती तिरप्या रुळावरून पलीकडे गेली. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, पण गाडी पोचल्यावर टाळी वाजवली.

दाजी परीक्षेला गेले आणि नापास झाले.

कारण तेच. बोटं सुटली नाहीत, घंटा वाजली. शिकवणारे साहेब मोठे सज्जन. त्यांनी महिनाभरानं आणखी एक संधी देतो म्हटलं, शेवटची. मी ऐकून तडक त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आमच्या मशीनवर दाजी बरोबर करतात, तुमच्याच मशीनमध्ये काही तरी आहे. साहेब रागावले नाहीत. बाहेरच्या माणसाला न्यायची रीत नसताना त्यांनी मला आत नेलं.

त्यांनी दोन बटणं दाबली आणि हात मागे घेतले. लगेच काहीच झालं नाही. पॅनलवरच्या चित्रात एक दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय, लुकलुकतोय. खोलीच्या कोपऱ्यात खरा काटा, खऱ्या मोटारीसकट ठेवलेला होता. तो सावकाश सरकत होता. सरकून बसला, तसा दिवा स्थिर झाला.

"तुमच्या घरचं मशीन उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण ते फार लवकर उत्तर देतं. इथं सांगायचं, हात काढायचा आणि थांबायचं. तुमचे दाजी थांबताहेत, पण बोट ठेवून."

मी विचारलं, "दोन्ही काटे एकदम कसे फिरवता?"

ते मला शेजारच्या खोलीत घेऊन गेले. भिंतभर मांडण्या आणि मांडणीत ओळीनं छोट्या पेट्या. प्रत्येक पेटीत, ते म्हणाले, एक कॉइल. बाहेरून त्यांनी शिपायाला बटण दाबायला सांगितलं. खोलीत टक टक टक टक अशी लहर उठली, या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेली आणि थांबली. साहेब सांगत होते. ही पेटी आधी विचारते, काट्यावर गाडी उभी नाही ना? ती दुसरी विचारते, समोरून कुणाला रस्ता दिलेला नाही ना? ती हो म्हणाली तर तिसरी सुटते. सगळ्यांनी हो म्हटलं तरच काटे हलतात, आणि दोन्ही टोकांनी बसलो असं सांगितलं तरच सिग्नल पडतो. एकीनं नाही म्हटलं तर मंत्री आला तरी काटा हलत नाही.

मी एका पेटीच्या काचेला डोळा लावला. तांब्याची तार. लोखंडाचा तुकडा. तीच तार, जी मी गोधडीतल्या मोटारीत भरतो. मी जन्मभर तिच्याकडून पाणी उपसून घेतलं, बैलासारखं. आणि इथं ती एकमेकींना विचारून, हो-नाही करून, हजार माणसांची गाडी सांभाळत होती. कुणी तरी माझ्यासारखाच बसून ती गुंडाळली असणार. साहेबांनी पाणी विचारलं ते मला उशिरा कळलं.

फळी घेऊन अक्काच्या घरी गेलो आणि तिला अन् दाजींना सगळं सांगितलं. माझं मशीन चुकलं नाही, असंही सांगितलं, आजही सांगतो. पण आता बल्ब उशिरा लावायचा कसा, यावर मी डोकं फोडू लागलो. घड्याळाचं मशीन लावू का, मेणबत्ती लावू का. दाजी म्हणाले, राहू दे कारागीर, फाटक काही वाईट नसतं.

अक्का भाकरी करत होती. हात धुवून आली, माझ्या फळीसमोर मांडी घालून बसली आणि तळहातानं बल्ब झाकला.

"दाबा," ती दाजींना म्हणाली.

दाजींनी दाबलं. टक् झालं. बोटं बटणावरच.

"दिवा लागला का?"

"बोटं उचला पह्यले, मंग दाखाडसू."

"अगं, पण काटा बसला का नाही..."

"ते मी नही सांगाव. बोटं उचला."

बोटं उचलल्याशिवाय ती हात काढायची नाही. आणि उचलली तरी लगेच काढायची नाही. मनाला येईल तेव्हा काढायची. कधी दाजी हात खाली सोडून उभे, आणि ही खुशाल भाचीशी कॉलेजच्या गप्पा मारतेय. दाजी कळवळून म्हणायचे, "दाखव ना." ती म्हणायची, "आख्खा जनम तुमनी वाट पाह्यात मन्हा ग्या, तुम्ही आते जराशी पहा." कधी ती गुपचूप काट्यात खडा ठेवायची, हात काढला की दिवा गप्प, आणि दाजींनी सिग्नल द्यायचा नाही. महिनाभर रोज हा खेळ. सुरुवातीला दाजींच्या कपाळावर घाम यायचा. मोकळ्या हातांनी उभं राहण्याचा घाम. लिव्हर ओढताना मी त्यांना एवढं घामेजलेलं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेला अक्का आणि मी दोघंही गेलो. आम्हाला आत प्रवेश नव्हता. व्हरांड्यात पेट्यांच्या खोलीची खिडकी होती, तिच्याखाली बाकावर बसलो. अक्कानं भाकरीचा डबा मांडीवर घट्ट धरला होता.

आधी दुसऱ्या दोघांची परीक्षा झाली. एकाची घंटा वाजली. मग दाजींचं नाव पुकारलं.

खिडकीतून टक टक टक ऐकू आलं. लहर पलीकडे गेली आणि थांबली. म्हणजे दाबलं. आता घंटेची वेळ. घंटा वाजली नाही. काहीच वाजलं नाही. आत काटा सरकत असणार, दिवा लुकलुकत असणार, आणि त्या खोलीत, पॅनलसमोर, दाजी काहीही न धरता उभे असणार. अक्कानं डब्यावरचा उजवा हात उचलून हवेत तसाच धरला होता. तिला त्याचं भान नव्हतं.

मग आतून एकच आवाज आला. टक्.

ही लहर परत परत उठली, परत परत थांबली. एकदा ती अर्ध्यातच थांबली आणि पुढे गेलीच नाही. साहेबांनी मुद्दाम काटा अडवला असणार. तेव्हाही घंटा नाही, घाई नाही. बराच वेळ नुसती शांतता, मग साहेबांचा आवाज, "बरोबर. पुढचा."

दाजी बाहेर आले. आमच्याकडे न बघता बाकावर बसले. स्वतःचे दोन्ही तळहात समोर धरून बघत राहिले. लिव्हरनं पडलेले घट्टे होते त्यांवर.

"काय व्हयनं?" अक्कानं विचारलं.

दाजींचा आवाज इतका हळू होता की मला वाकावं लागलं.

"मन्हा हात रिकामा व्हतात," ते म्हणाले, "अन् दोन्ही काटा बसी ग्यात."

अक्कानं डबा उघडला आणि भाकरी त्या रिकाम्या हातांवर ठेवली.